बोर्ड बघू नका, गोषवारा वाचा



टास्क बोर्डवरच्या व्हिडिओंखाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, आम्ही ट्रेलो वापरतो, तरी कामं अडकतात. यापेक्षा चांगलं ॲप सांगा ना." माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. ॲप बदलू नका. आहे त्याच बोर्डमधली माहिती बाहेर काढा, तिचं ओझं कमी करा आणि एका पानावर आणून वाचा.

बोर्ड हा काम करणाऱ्यांसाठी असतो. मालकाला लागतो तो गोषवारा. आणि तो आठवड्यातून एकदा, आपल्याच कॉम्प्युटरवर काढायला एक छोटंसं, फुकटचं कमांड लाईन टूल पुरतं. "कमांड लाईन" वाचून पान बंद करू नका. दहा मिनिटं द्या.

बोर्डवर सगळं छान दिसतं

समजा, तुमचा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा छोटा कारखाना आहे. बोर्डवर सहा याद्या आहेत: चौकशी, दर दिले, ऑर्डर पक्की, उत्पादन, माल पोचला, बिल दिलं. शंभर-सव्वाशे कार्डं आहेत. रंगीत लेबलं आहेत, प्रत्येक कार्डावर कुणाचा ना कुणाचा फोटो आहे. सकाळी चहा घेताना तुम्ही बोर्ड उघडता, कार्डं डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, आणि मनाला बरं वाटतं.

आता मला सांगा, "माल पोचला" या यादीत कुठलं कार्ड किती दिवसांपासून बसून आहे?

हे बोर्डकडे नुसतं बघून कळत नाही. एकेक कार्ड उघडून खालचा इतिहास वाचत बसावं लागतं, आणि शंभर कार्डांसाठी ते कुणी करत नाही. समजा, त्या यादीत बारा कार्डं आहेत आणि प्रत्येकात सरासरी चाळीस हजारांचा माल आहे. म्हणजे चार लाख ऐंशी हजार रुपयांचा माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचला, चलनावर सही झाली, आणि बिल मात्र गेलेलं नाही. यात कुणी लबाडी केलेली नाही. टेम्पोवाल्याने फोन केला, सुपरवायझरने कार्ड सरकवलं, त्याचं काम संपलं. अकाउंटवाल्याला वाटलं, चलनाची प्रत टेबलावर आली की बिल करू. प्रत टेम्पोच्या डॅशबोर्डवरच राहिली. बोर्डवर ती बारा कार्डं अगदी शिस्तीत उभी आहेत.

म्हणून मी म्हणतो, बोर्ड बघणं आणि काम बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक्स्पोर्ट केल्यावर हातात काय पडतं?

ट्रेलोमध्ये बोर्डच्या मेन्यूत प्रिंट, एक्स्पोर्ट आणि शेअर असा पर्याय आहे. तिथे जेसन नावाच्या प्रकारात बोर्डची सगळी माहिती उतरवून घेता येते, अगदी मोफत प्लॅनवरही. एक्सेलमध्ये थेट उघडणारी सीएसव्ही फाईल मात्र पैसे भरणाऱ्या प्रीमियम प्लॅनपासून मिळते.

मग काय होतं? तुम्ही मोठ्या हौशेने ती जेसन फाईल उतरवता, डबल क्लिक करता, आणि समोर येतो एक अखंड मजकूर. महिरपी कंस, चौकोनी कंस, अवतरण चिन्हं, आणि मधेच चोवीस अक्षरांचे लांबलचक आयडी. कार्डाचं नाव सापडतं, पण ते कुठल्या यादीत आहे ते लिहिलेलंच नसतं. तिथे फक्त यादीचा आयडी असतो. जबाबदार माणसाचं नाव नसतं, त्याचा आयडी असतो. बहुतेक लोक इथेच फाईल बंद करतात आणि म्हणतात, "हे आपलं काम नाही."

थांबा. आपल्या आजोबांच्या पेढीवर हीच गोष्ट होती, फक्त शाईने लिहिलेली. दिवसभर जे जे घडलं ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत जायचं. रोख आली, माल गेला, हमाली दिली, सगळं एकाखाली एक. कीर्द खरी असते, पूर्ण असते, पण ती वाचून कुणालाही "अमुक व्यापाऱ्याकडे आपलं किती येणं आहे" हे सांगता येत नाही. त्यासाठी मुनीम खतावणी करायचा. प्रत्येक नोंद तिच्या तिच्या खात्यावर नेऊन लिहायचा. मग शेवटी गोषवारा.

जेसन फाईल ही तुमच्या बोर्डची कीर्द आहे. ती वाईट नाही, ती फक्त खतावलेली नाही. आणि मुनीमाचं हे काम आज एक छोटं टूल दोन सेकंदांत करतं.

जेक्यू: एका कामाचा मुनीम

या टूलचं नाव जेक्यू. स्टीफन डोलन यांनी ते २०१२ मध्ये लिहिलं. मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मोबाईलमधल्या एखाद्या फोटोएवढी त्याची साईझ. त्याला बटणं नाहीत, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. जेसन घ्यायचं, त्यातलं हवं ते निवडायचं, हव्या त्या आकारात बाहेर द्यायचं, एवढंच काम.

आपल्या बॉक्सच्या कारखान्यासाठी ते काय करेल, बघा.

पहिलं, फेकून देईल. कव्हरचं चित्र, कार्डाची जागा, बॅज, स्टिकर, पसंत्या, रंगाची सेटिंगं, कार्डाचं लांबलचक वर्णनसुद्धा. वर्णन ज्याला हवं तो कार्ड उघडेल. गोषवाऱ्यात त्याचं काम नाही.

दुसरं, आयडीच्या जागी नाव घालेल. यादीच्या आयडीवरून "माल पोचला", माणसाच्या आयडीवरून त्याचं नाव. ही नावं त्याच फाईलमध्ये दुसरीकडे असतात, टूल ती जोडून देतं. खतावणी म्हणतात ती हीच.

तिसरं, प्रत्येक कार्डाची एक ओळ करून सीएसव्ही देईल, जी एक्सेलमध्ये उघडते.

मी आठ रकाने सुचवतो: कार्डाचं नाव, यादी, जबाबदार व्यक्ती, लेबल, ठरलेली तारीख, कार्ड तयार झाल्याची तारीख, सध्याच्या यादीत आल्याची तारीख, आणि शेवटची हालचाल. नववा रकाना घालण्याआधी स्वतःला विचारा, याच्यावरून मी सोमवारी कुठला निर्णय घेणार आहे? उत्तर नसेल तर तो रकाना नको.

हे आठ रकाने कुठले, हे टूल ठरवत नाही. तुम्ही ठरवता. जेक्यूला काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते एका छोट्या फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. बारा-पंधरा ओळींची ती फाईल म्हणजे तुमच्या धंद्यात तुम्हाला नेमकं काय विचारायचं आहे, त्याची यादी आहे. तयार डॅशबोर्ड विकत घेता तेव्हा हे प्रश्न दुसऱ्याने ठरवलेले असतात. माझा महागड्या रिपोर्टिंग पॅकेजला विरोध आहे तो पैशांपेक्षा या कारणासाठी. गोल गोल रंगीत चार्ट येतात, पण "कुठल्या मालाचं बिल गेलं नाही" हा साधा प्रश्न त्यात नसतो.

"पण सर, काळी खिडकी आम्हाला जमणार नाही"

अहो, तुमचा अकाउंटंट टॅली कसा चालवतो ते एकदा शेजारी उभं राहून बघा. एफ पाच पेमेंट, एफ सहा रिसीट, एफ आठ सेल्स, एफ नऊ परचेस. माऊसला हात लावत नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅलीची पहिली अनेक वर्षं डॉसच्या काळ्या खिडकीतच गेली, आणि आपल्याकडच्या कितीतरी बीकॉम झालेल्या मुलामुलींनी ती त्याच खिडकीत शिकली. त्यांना कुणी "तुम्ही प्रोग्रामर नाही, तुम्हाला जमणार नाही" असं सांगितलं नव्हतं.

कमांड लाईनची खरी गंमत अशी की ती एकदा लिहायची आणि दर आठवड्याला तीच चालवायची. बटणांच्या ॲपमध्ये दर शनिवारी फिल्टर लावा, हा रकाना लपवा, तो पुढे आणा, असं वीस वेळा क्लिक करावं लागतं, आणि एका शनिवारी एक क्लिक राहून गेलं की मागच्या आठवड्याशी तुलनाच होत नाही. लिहून ठेवलेली कमांड दर वेळी तेच आणि तसंच करते. तुमच्या ऑफिसातल्या मुलीने चालवली तरी तेच, तुम्ही चालवली तरी तेच. ती सुट्टीवर गेली तरी काम अडत नाही.

ज्यांना खरंच ही खिडकी नको आहे, त्यांच्यासाठी एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी आहे. तीही जेसन फाईल वाचते आणि पायऱ्या लक्षात ठेवते. ती वापरलीत तरी माझी काही हरकत नाही. आणि तुम्ही आधीच प्रीमियमचे पैसे भरत असाल तर तिथली सीएसव्ही घ्या आणि नको ते रकाने काढून टाका. मुद्दा टूलच्या नावाचा नाहीच. मुद्दा आहे तो आठवड्याला आठ रकाने तुमच्या समोर यायचा.

एक गोष्ट मात्र करू नका. "जेसन टू एक्सेल" असं सर्च करून जी पहिली वेबसाईट दिसेल तिच्यावर फाईल चढवू नका. त्या फाईलमध्ये तुमच्या गिऱ्हाइकांची नावं आहेत, फोन नंबर आहेत, तुम्ही कुणाला काय दर दिला ते आहे, ऑफिसातल्या लोकांनी कार्डांवर लिहिलेले शेरे आहेत. ही फाईल कुठे जाते, किती दिवस तिथे राहते, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. गिऱ्हाइकाची माहिती सांभाळणं ही आता नुसती सभ्यतेची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. जेक्यू तुमच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद असतानाही चालतं. फाईल घराबाहेर जातच नाही.

एआयची मदत घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण कमांड लिहून घ्यायला. खरी फाईल देऊ नका. दोन खोटी कार्डं असलेला एक नमुना बोर्ड बनवा, त्याची फाईल द्या, आणि मिळालेली कमांड आपल्या खऱ्या फाईलवर घरी चालवा.

पाच ठिकाणी ठेच लागते

टूल छोटं असलं तरी माहितीत खाचखळगे आहेत. ते आधी माहीत असले की गोषवारा खोटा पडत नाही.

एक. एक्स्पोर्टमध्ये आर्काईव्ह केलेली कार्डंही येतात. त्यांच्यावर "क्लोज्ड" अशी खूण असते, ती बघून वगळता येतात. पण तुम्ही अख्खी यादी आर्काईव्ह केली असेल, तर तिच्यातल्या कार्डांवर ती खूण नसते, खूण फक्त यादीवर असते. त्यामुळे दोन्ही तपासायला सांगा. नाहीतर दिवाळीच्या वेळची जुनी कार्डं गोषवाऱ्यात जिवंत होऊन येतील.

दोन. फाईलमधल्या तारखा भारतीय वेळेत नसतात, यूटीसीत असतात. आपण साडेपाच तास पुढे. दिवसाच्या वेळा असतील तर तारीख तीच राहते, पण मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच यामधलं काहीही आदल्या तारखेला जातं. एक जूनला रात्री बाराची मुदत फाईलमध्ये ३१ मे म्हणून दिसते. महिनाअखेरीला हा घोळ नको असेल तर साडेपाच तास, म्हणजे १९८०० सेकंद, मिळवायला सांगा. आणि एक बारीक गोष्ट: या तारखांमध्ये सेकंदांपुढे तीन दशांश असतात, ते जेक्यूचं तारीख वाचणारं फंक्शन घेत नाही. आधी कापावे लागतात.

तीन. कार्ड कधी तयार झालं, हा रकाना कार्डाच्या माहितीत सरळ लिहिलेला नसतो. पण तो आयडीत लपलेला आहे! आयडीची पहिली आठ अक्षरं म्हणजे १ जानेवारी १९७० पासून गेलेले सेकंद, सोळाच्या पटीच्या अंकमोजणीत लिहिलेले. उदाहरणार्थ, आयडीची सुरुवात ६५९२००८० अशी असेल तर ते कार्ड १ जानेवारी २०२४ ला आपल्या पहाटे साडेपाचला तयार झालं. गोषवाऱ्यात ही आठ अक्षरं घ्या, मजकूर म्हणूनच घ्या, आणि एक्सेलच्या हेक्स-टू-डेक फंक्शनने त्यांचे सेकंद करा. सेकंदांना ८६४०० ने भागून १ जानेवारी १९७० ची तारीख आणि आपले साडेपाच तास मिळवले की तारीख आणि वेळ दोन्ही मिळतात. कार्डाचं वय कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप बोलायला लागतात.

चार. मराठी. सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की "माल पोचला" च्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात आणि लोक म्हणतात फाईल बिघडली. फाईल चांगली असते. एक्सेलला ती युनिकोड आहे हे कळलेलं नसतं. डेटा टॅबमधून "टेक्स्ट किंवा सीएसव्ही" असं निवडून आत घ्या, आणि तिथे युनिकोड यूटीएफ-आठ, म्हणजे ६५००१ क्रमांकाचा पर्याय निवडा. याच खिडकीत आयडीचा रकाना मजकूर आहे असंही सांगता येतं.

पाच. जोडलेल्या फाईली, म्हणजे चलनाचे फोटो वगैरे, एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत. फक्त त्यांच्या लिंक येतात. त्यामुळे "माझ्याकडे एक्स्पोर्ट आहे, म्हणजे बॅकअप आहे" असं समजू नका. सही केलेलं चलन वेगळं जपायलाच हवं.

दर शनिवारी का?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "सध्याच्या यादीत आल्याची तारीख" हा रकाना कुठून येतो? बोर्डवर कुणी काय केलं याचा इतिहास एक्स्पोर्टमध्ये असतो. अमुक कार्ड "उत्पादन" मधून "माल पोचला" मध्ये कधी गेलं, ते त्यात सापडतं. पण या फाईलमध्ये फक्त शेवटच्या १००० हालचाली येतात.

हिशोब करा. सहा माणसं बोर्ड वापरतात. प्रत्येकाने दिवसाला कार्ड सरकवणं, शेरा लिहिणं, फोटो जोडणं अशा दहा गोष्टी केल्या तर दिवसाच्या साठ होतात. सतराव्या कामाच्या दिवशी हजाराचा आकडा ओलांडला. म्हणजे महिन्यातून एकदा एक्स्पोर्ट घेणाऱ्याच्या हातून पहिल्या आठवड्यातल्या तारखा गेल्या. त्या ट्रेलोतून पुसल्या जात नाहीत, पण त्या मिळवायला एपीआयची वेगळी खटपट लागते. शनिवारच्या शनिवार घेतलं तर आठवड्याच्या ३६० हालचाली आरामात मावतात.

आणि ही तारीख एवढी मोलाची का? कारण पैसे. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर खरेदीदारालाच चिंता आहे: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते सीएला विचारा. पण हा सगळा हिशोब सुरू कुठून होतो? माल स्वीकारला त्या दिवसापासून. ती तारीख तुमच्याकडे नसेल तर फोनवर तुम्ही फक्त विनवण्या करू शकता.

बोर्डावरची तारीख चलनाची जागा घेत नाही, हे लक्षात ठेवा. पण कुठलं चलन शोधायचं, ते ती सांगते.

अजून एक कारण आहे. ट्रेलो २०११ मध्ये फॉग क्रीक नावाच्या छोट्या कंपनीतून बाहेर आलं. २०१७ मध्ये ॲटलासियनने ते साडेबेचाळीस कोटी डॉलरला घेतलं. २०२४ मध्ये मोफत वर्कस्पेसवर दहा सहभागींची मर्यादा आली. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण तुमचाही धंदा आहे. दुसऱ्याच्या जागेत माल ठेवला असेल तर त्याची यादी तरी आपल्या कपाटात असावी की नको? शनिवारचा गोषवारा म्हणजे ती यादी. उद्या ॲप बदललं, बोर्ड बनवणारा माणूस नोकरी सोडून गेला, तरी बावन्न आठवड्यांची बावन्न पानं तुमच्याकडे राहतात.

गोषवारा समोर आला, आता काय?

चार प्रश्न विचारा, याच क्रमाने.

"माल पोचला" मध्ये सात दिवसांपेक्षा जुनं काय आहे? हे तुमचे अडकलेले पैसे.

"दर दिले" मध्ये तीन आठवड्यांपेक्षा जुनं काय आहे? या गिऱ्हाइकांना कुणी परत फोन केला का?

कुठल्या कार्डावर कुणाचंच नाव नाही? सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुदत टळून गेलेली कार्डं कुठली, आणि त्यातली मागच्या शनिवारीही टळलेली कुठली? सलग तीन गोषवाऱ्यांत जे कार्ड लाल आहे ते काम उशिरा होत नाहीये, ते होणारच नाहीये. ते बंद करा नाहीतर स्वतःच्या हातात घ्या.

पाचवा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो विचारू नका: कुणी किती कार्डं सरकवली? माणसाच्या नावापुढे कार्डांचा आकडा लावलात की पुढच्याच आठवड्यात एका कामाची पाच कार्डं होतील. लोक हुशार असतात. "शेवटची हालचाल" या रकान्यावरूनही कुणाला बोलू नका. कार्डावर "ओके सर" एवढा शेरा टाकला तरी ती तारीख बदलते. तो रकाना फक्त बाजूला पडलेली कार्डं शोधायला आहे. गोषवारा कामाला प्रश्न विचारण्यासाठी आहे, माणसाला धारेवर धरण्यासाठी नाही. हे पथ्य पाळलं नाहीत तर बोर्डवरची माहितीच खोटी व्हायला लागेल, आणि मग कुठलंही टूल उपयोगाचं नाही.

सोमवारी सकाळी तो कागद सगळ्यांच्या समोर ठेवा. छापून ठेवा, स्क्रीनवर नको. पेनने खुणा करा. मीटिंग वीस मिनिटांत संपते, कारण "काय चाललंय" हे विचारायची गरजच राहत नाही, "हे का थांबलंय" इथूनच बोलणं सुरू होतं. ज्याचं काम थांबलंय त्यालाही बरं वाटतं, कारण बऱ्याच वेळा ते दुसऱ्यामुळे थांबलेलं असतं आणि त्याला ते बोलायची संधीच मिळालेली नसते.

या शनिवारचा गृहपाठ

आधी टूल उतरवू नका. आधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या धंद्याचे आठ रकाने हाताने लिहा. माझे घेऊ नका, तुमचे लिहा. केटरिंगवाल्याचे वेगळे असतील, एसी दुरुस्तीवाल्याचे वेगळे, क्लासवाल्यांचे वेगळे. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि अवघड आहे ते हेच. मग बोर्डमधून जेसन उतरवा, आणि मगच जेक्यूकडे वळा. कमांडच्या ओळी आणि फिल्टरची फाईल व्हिडिओखालच्या वर्णनात ठेवली आहे, तुमच्या रकान्यांप्रमाणे त्यात बदल करा.

पहिला गोषवारा निघाला की यादीप्रमाणे लावून बघा आणि "माल पोचला" च्या जागी तुमची जी यादी असेल, तिथली सगळ्यात जुनी तारीख शोधा. त्या गिऱ्हाइकाला सोमवारी पहिला फोन करा. मग कमेंटमध्ये मला लिहा, ती तारीख किती जुनी निघाली. गिऱ्हाइकाचं नाव लिहू नका, फक्त दिवस सांगा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.